फेस वाळेपर्यंत

नानांच्या सलूनमधलं बाकडं दुकान उघडताच भरायचं, पण गिऱ्हाइकांनी नव्हे. एका टोकाला निवृत्त हेडक्लार्क, दुसऱ्या टोकाला छापखाना विकून मोकळे झालेले त्यांचे शाळासोबती. नानांनी एकाचं नाव ‘मंत्री’ पाडलं होतं, दुसऱ्याचं ‘विरोधक’. मधली जागा त्यांची वर्तमानपत्रं अडवायची.

करवाढीची चर्चा सुरू झाल्यापासून दोघांना ऊत आला होता. मंत्री म्हणायचे, बाजार सावरतोय, आता चार पैसे जास्त भरायला काय हरकत आहे? विरोधक विचारायचे, आजारी माणूस जरा उठून बसला की लगेच त्याच्या डोक्यावर पोतं द्यायचं का? नाना कात्री चालवत राहायचे. कान किटून गेले होते, पण तिघं एकाच वर्गात शिकलेले. ‘उठा’ म्हणायला जीभ रेटत नव्हती.

काळजी लेकीची होती. ती हेच काम शिकून आली म्हणून नानांनी हौसेने दुसरी खुर्ची मांडली, आणि ती रिकामीच राहिली. महिनाअखेरपर्यंत गिऱ्हाईक लागलं नाही, तर ती परगावी नोकरी धरणार होती. तिने हे आरसा पुसता पुसता शांतपणे सांगितलं होतं, म्हणून जास्त लागलं होतं.

त्या सकाळी एका तरुणाने दारातून डोकावलं, बाकडं पाहिलं आणि पाठ फिरवली.

“बघा,” मंत्री म्हणाले, “सलूनमध्ये बसायला जागा नाही. बाजार सावरला तो असा.”

“कामं नाहीत म्हणून लोक इथे येऊन बसतात,” विरोधक म्हणाले. “ही मंदी.”

नानांचा कंगवा हवेतच थांबला. लोक म्हणजे कोण? हे दोघेच की! लेकीने आरशातून नानांकडे पाहिलं. तिला ते कधीच कळलं होतं.

“या दोघेही,” नाना म्हणाले. “आज दाढी माझ्याकडून.”

फुकटची दाढी कोण सोडतो? नानांनी दोघांना नाकापर्यंत फेस माखला. फेस लागला की तोंड उघडायचं नाही, हा सलूनचा जुना नियम. एकदा बोलण्याच्या भरात ओठ कापून घेतल्यापासून विरोधक तो कसोशीने पाळत, आणि ते गप्प तर मंत्री भांडणार कोणाशी?

“काका, जरा मागच्या स्टुलांवर बसा,” लेक म्हणाली. “केस मऊ होऊ द्या.”

वर्तमानपत्रांची घडी झाली, बाकडं मोकळं झालं. थोड्याच वेळात एक गृहस्थ आत आले, त्यांच्यामागून आणखी एक.

मंत्र्यांनी बाकड्याकडे बोट दाखवून भुवया उडवल्या. विरोधकांनी इतक्या जोरात मान हलवली की फेस भिंतीवर उडाला.

“बसा ना,” लेक आपल्या खुर्चीवरचं कापड झटकत पहिल्या गृहस्थांना म्हणाली. “बारीक करायचे की मध्यम?”

नानांनी मागे वळून पाहिलं. मंत्र्यांच्या गालावरचा फेस वाळत आला होता. नानांनी सुस्कारा सोडला आणि ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला.