पट्टणशेट्टींचं इटलीतलं घर

शांतव्वांनी विरूपाक्ष पट्टणशेट्टींना पहिल्यांदा पाहिलं ते १९९० साली, गडहिंग्लजला, मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात. पाहिलं म्हणण्यापेक्षा आधी ऐकलं. पावणं स्टँडवर एसटीतून उतरले तेव्हाच त्यांचा आवाज घरात पोचला होता, आणि घर स्टँडपासून चांगलं मैलभर लांब होतं. गोठ्यातल्या म्हशीनं पान्हा चोरला. शेजारचा ठार बहिरा म्हातारा "कोण आलंय?" म्हणत बाहेर आला. मग दारातून एक मिशी आत आली, आणि तिच्या पाठोपाठ, सवडीनं, बाकीचा माणूस आला. पोह्यांची तिसरी बशी संपवून त्यांनी मुलीला एकच प्रश्न विचारला, तोही खिडकीबाहेर बघत. "ती मागची पडकी जागा इकायची हाय काय?"

जागा विकायची नव्हती, म्हणून त्यांनी मुलीला होकार दिला, असं शांतव्वांचं आजही मत आहे.

पट्टणशेट्टींचं कोल्हापूरच्या शाहूपुरीत पंपांच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि पुढं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कारखानाही झाला. धंद्यात माणूस चोख. पण कुठं काही विकायला निघालंय असं कानावर आलं, की ते आपल्यासाठीच निघालंय अशी त्यांची समजूत व्हायची. राधानगरीकडं त्यांनी ऐन उन्हाळ्यात जमीन घेतली आणि ऑगस्टात होडीतून तिची पाहणी केली. बंद पडलेल्या एका तंबूच्या टॉकीजचा तंबू घेतला, तो गच्चीवर वाळत घातला तेव्हा खालच्या तीन घरांत दुपारी दिवे लावावे लागले. शांतव्वांनी यावर एक औषध शोधलं होतं. गप्प बसायचं. चारसहा महिन्यांत खरेदीचा ताप आपोआप उतरायचा.

२००८ साली मात्र उतरेना. त्या वर्षी ते मशिनरीचं प्रदर्शन बघायला इटलीला गेले आणि प्रदर्शनाऐवजी एक गाव बघून आले. डोंगराच्या माथ्यावरचं, पाचशे वर्षांपूर्वीचं, सगळं दगडी. पोरं शहरात गेलेली, म्हातारी माणसं तेवढी उरलेली, आणि घरं विकायला काढलेली. त्या गावाचं नाव शाहूपुरीत कुणाच्याच जिभेवर बसेना, तेव्हा बाजारानं त्याचं नाव 'इटलीतला पन्हाळा' ठेवून दिलं. कारखाना धाकटे भाऊ शिवशरण बघतील, आपण सहा महिने इथं आणि सहा महिने तिथं, असा बेत पट्टणशेट्टींनी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितला. घरात सगळ्यांत शेवटी सांगितला.

शांतव्वांना हा बेत मुळीच पटला नाही. त्यांचं कोल्हापूर तसं छोटंच होतं. सोमवारी लिंगायत बायकांच्या अक्कमहादेवी मंडळात वचनं म्हणायची, आणि रोज सकाळी भाजीवाल्या धोंडुबाईशी भांडायचं. हे भांडण कित्येक वर्षं मुरलेलं होतं आणि दोघींनाही त्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे. त्या डोंगरावर सहा महिने भांडायचं कुणाशी? शिवाय तिथं नवरा बोलणार आणि ऐकायला एकटी बायको. इथं निदान आवाज साऱ्या पेठेत वाटला जायचा.

त्या पहिल्यांदाच उघड बोलल्या, की मला तिथं करमणार नाही. पट्टणशेट्टी म्हणाले, बघ तर एकदा. मग मे महिन्यात दोघं निघाली. बारावीची परीक्षा दिलेली मुलगी पवित्रा इंग्रजीसाठी बरोबर. सामानात भडंग, चटणी आणि टॉवेलात गुंडाळलेला शेंडीचा नारळ.

घर खरोखरच देखणं होतं, हे शांतव्वांनी मनातल्या मनात कबूल केलं आणि त्यांना आणखीच धास्ती वाटली. मालकीण आसुंता नावाची म्हातारी, काळा झगा, कमरेत वाकलेली. घर विकायचं तिच्या मिलानमधल्या मुलानं ठरवलं होतं. तिनं बोटभर कपांत कॉफी दिली आणि पाहुण्यांना एकेक खोली दाखवताना प्रत्येक भिंतीवरून हात फिरवत राहिली. भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं, पण हिलाही हा व्यवहार नको आहे, एवढं शांतव्वांना ओट्याजवळच कळलं. दोघी एकमेकींकडं बघून गरिबासारख्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सह्या होत्या. त्याआधी सकाळी, जुन्या घरांवर देखरेख करणारा गावचा अधिकारी येऊन परवानगीचा कागद देणार होता. तो यायच्या आत पट्टणशेट्टींना नारळ फोडायचा होता. कोल्हापुरात लेथ मशीन असो, ट्रक असो की पिठाची गिरणी, नारळ फोडल्याशिवाय वस्तू आपली होत नाही. त्यांनी बूट काढले, डोक्यावर रुमाल टाकला, डोळे मिटून शंभू महादेवाचं नाव घेतलं आणि कारखान्यात घण मारायची सवय असलेल्या हातानं नारळ उंबऱ्यावर हाणला.

नारळ शाबूत राहिला. उंबरा फुटला.

पाचशे वर्षं पायाखाली झिजून मऊ झालेल्या त्या दगडाचा वीतभर कोपरा सुटून गल्लीत घरंगळत गेला. आसुंताबाईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, आणि त्याच वेळी फाइल काखेत मारून अधिकारी कोपऱ्यावरून वळला. त्यानं दगडाचा तुकडा उचलला, लहान मूल पडल्यावर उचलावं तसा.

पट्टणशेट्टी घाबरणाऱ्यांतले नव्हते. काळजी करू नका म्हणाले. असल्या झिजक्या दगडापेक्षा काळा ग्रॅनाइट बसवून देतो, आरशागत. अधिकाऱ्यानं पवित्राकडं बघून हळू इंग्रजीत विचारलं, की हे गृहस्थ घरात आणखी काय काय करणार आहेत? पवित्रानं प्रश्न सांगितला आणि पट्टणशेट्टी खुलले. इतक्या आपुलकीनं त्यांना आजवर कुठल्याच सरकारी माणसानं विचारलं नव्हतं. कौलं उतरवून स्लॅब टाकायचा, म्हणाले. वर पाण्याची काळी टाकी. पुढं पत्र्याचं शेड. आतल्या भिंतींना फरशी, बाहेरून पिस्ता रंग, आणि ही कमान जरा आडवी येतीया, ती पाडायची.

 पवित्रा शहाणी पोरगी, ती मनात काहीतरी सौम्य इंग्रजी जुळवत होती, हे आईला दिसलं. अठरा वर्षं गप्प बसलेल्या शांतव्वा पुढं झाल्या.

"पवित्रा, अप्पा बोलल्यात ते समदं सांग. एक शबूद गाळू नगंस."

"अव्वा, अगं पण..."

"टाकीबी सांग. टाकी लई महत्त्वाची हाय."

पवित्रानं सांगितलं. पट्टणशेट्टींनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली आणि पिस्ता रंग नीट कळावा म्हणून गल्लीतलं एक कोवळं पान तोडून दाखवलं. अधिकाऱ्यानं फाइल उघडलीच नाही. या गावात खिळा ठोकायलासुद्धा परवानगी लागते, म्हणाला, आणि ती या साहेबांना मी हयात असेपर्यंत मिळणार नाही. आसुंताबाईंना त्यानं हे इटालियनमध्ये सांगितलं. त्या आत गेल्या, एक बाटली घेऊन बाहेर आल्या आणि शांतव्वांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.  त्या मुक्यांसरशी शांतव्वांना, कित्येक महिन्यांनी, सडकून भूक लागली. म्हातारीच्या ओट्यावर बसून दोघींनी भडंग खाल्लं. चटणीनं म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिनं ताटली सोडली नाही.

परतीच्या बसमध्ये पट्टणशेट्टी खिडकीकडं तोंड करून बसले. शांतव्वांना क्षणभर वाईट वाटलं. मग ते खिडकीकडं बघतच म्हणाले, "बरंच झालं म्हण की."

"का वं?"

"कालपास्नं बघतोय. गावात मी एवढा बोललो, पर उलट बोललं का कोण? निस्तं ऐकून घेत्यात. असल्या गावात माणूस जगंल व्हय?"

एवढं बोलून ते झोपी गेले, आणि त्यांच्या घोरण्यानं ड्रायव्हरनं दोनदा बस थांबवून इंजिन तपासलं.

पुढच्या वर्षी आसुंताबाईंच्या मुलानं ते घर हॉलंडच्या एका दातांच्या डॉक्टरला विकलं. पट्टणशेट्टींनी कोल्हापूरजवळच उजळाईवाडीला एक गाळा घेतला. तो अजून भाड्यानं गेलेला नाही.