आमचे डिझेलवाले व्याही

डिझेलवर चालत नाही ते यंत्रच नव्हे, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस साऱ्या धाराशिव जिल्ह्यात एकच आहे आणि तो नेमका माझा व्याही आहे. सास्तूरला त्यांची चांगली शेती आहे. शेतात डिझेलचा ट्रॅक्टर, दारात डिझेलची जुनी जीप आणि विहिरीवर, वीज येऊन कित्येक वर्षं झाली तरी, डिझेलचंच इंजिन. खांद्यावरच्या टॉवेलला सुद्धा तोच वास. पेट्रोलला ते 'पोरासोरांचं अत्तर' म्हणतात. गाडी चालवताना ब्रेक लावला तरी तोंडानं बैलाला घालतात तसं "हो, हो, हो" म्हणतात आणि गाडी त्या 'हो'मुळेच थांबते अशी त्यांची समजूत आहे. गाडी चालू करण्याआधी तर मोठा सोहळाच असतो. आधी स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावायचा, मग टॉवेलनं समोरची काच पुसायची, ती स्वच्छ असली तरी पुसायची, मग "चल माज्या राजा" म्हणायचं आणि तेव्हा कुठं चावी फिरवायची. माझी लेक लग्न होऊन त्यांच्या घरी गेली तेव्हा या सोहळ्याला ती हसायची. आता तीही स्कूटी चालू करताना हँडलला नमस्कार करते.

त्यांची दुसरी खोड म्हणजे लवकर पोचणं. लवकर म्हणजे किती, तर साखरपुड्याच्या दिवशी आमच्या मुरुमच्या घरी ते एकटेच जीप घेऊन इतक्या सकाळी आले की मांडववाल्यांनी नुकते खांब उतरवले होते. रिकामं बसणं त्यांना माहीत नाही. त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि दोर बांधायला सुरुवात केली. आमच्या सौभाग्यवतींनी नवऱ्यामुलाच्या वडिलांना तोवर एकदाच पाहिलेलं, तेही फेटा बांधलेलं. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ओ दादा, तो खांब जरा डावीकडं घ्या की, दारात येतोय." व्याह्यांनी मुकाट्यानं खांब डावीकडं घेतला. मग त्यांना मांडववाल्यांबरोबर स्टीलच्या पेल्यात चहा मिळाला, तोही ते प्यायले. दुसऱ्या चहाच्या वेळी मी बाहेर आलो आणि त्यांना ओळखून खुर्ची आणायला धावलो. व्याही मात्र खांबाकडं बघत म्हणाले, "आता बराबर बसला."

खरं तर त्याच दिवशी मी त्यांना ओळखायला हवं होतं. पण मी पडलो मुलीचा बाप, त्यातून निवृत्त शाळामास्तर. मुलाच्या बापाला 'नाही' म्हणायचं नसतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते आपोआपच येतं. व्याही एखादी गोष्ट निकाल दिल्यासारखी सांगायचे आणि मी मान डोलवायचो. एकदा आमच्या ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं, "पाव्हणं, तुमच्या घराचं दार दक्षिणेला हाय, म्हून घरात बरकत न्हाय." आमचं दार पूर्वेला आहे. रोज सकाळी ऊन उंबऱ्यावरून आत येतं आणि देवघरापर्यंत जातं. तरी मी म्हणालो, "होय, दक्षिणेलाच आहे." सौभाग्यवती त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

गेल्या वर्षी पुण्यात नोकरीला असलेल्या जावईबापूंनी तिथून एक छोटी पेट्रोलची गाडी घेतली आणि बायकोच्या सोयीसाठी सास्तूरला आणून ठेवली. व्याह्यांनी तिला जीपच्या शेजारी जागा दिली, पण जराशी मागं. दसऱ्याला सगळ्या वाहनांची पूजा झाली तेव्हा तुळजाभवानीचा एक फोटो त्यांनी गाडीच्या टाकीच्या झाकणावर आतल्या बाजूनं चिकटवला. "गाडीचं पोट हाय ते. तितं आई पायजे," असं त्यांचं म्हणणं. त्या फोटोखाली 'पेट्रोल' हा शब्द झाकला गेला, पण तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

आणि मग लेकीचं नाव सरकारी नोकरीच्या निवड यादीत आलं. पाच वर्षं तिनं अभ्यास केला होता, मांडीवर मूल घेऊन केला होता. धाराशिवला कागदपत्रांच्या तपासणीसाठी अकरा वाजता हजर राहायचं होतं. गैरहजर राहिलं तर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जागा, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. मी आदल्या दिवशीच सास्तूरला मुक्कामाला गेलो. व्याह्यांनी जाहीर केलं, "सूनबाईला जीपमधून न्यायची न्हाय, धूळ बसंल. नव्या गाडीतनं नेतो. म्या सोता नेतो." दीड-दोन तासांच्या रस्त्यासाठी आम्ही सकाळी साडेसहाला निघालो. लेक मागं बसून फायलीतले कागद पुन्हा पुन्हा मोजत होती आणि मी पुढं बसून तिच्याइतकाच घाबरलेलो होतो.

वाटेत पंप लागला. काटा खाली आलेला होता. मी खिशाकडं हात नेला तसे व्याही म्हणाले, "पाव्हणं, तुमी हलायचं न्हाय. आमच्या गाडीत बसलाय तुमी." ते उतरले, झाकण उघडलं, भवानीला हात जोडले. पंपावरच्या माणसानं विचारलं, "काका, पेट्रोल का डिझेल?"

"तोंड बघून वळख की! म्या कवा पेट्रोल भरलंय? डिझेल, फुल्ल!"

मी हे ऐकलं. उघड्या खिडकीतून अगदी स्वच्छ ऐकलं. लेक मनातल्या मनात कागद मोजत होती, तिनं ऐकलं नाही. पण मी ऐकलं आणि गप्प बसलो, हे इथं लिहिताना मला अजून लाज वाटते. मनात म्हटलं, व्याही म्हणतात तर असेल. जावईबापूंनी काही बदल करून घेतला असेल. गाडी पेट्रोलची आहे हे मला माहीत होतं, पण दार पूर्वेला आहे हेही मला माहीत होतंच की. नळी नीट आत जाईना, तर बाहेरून व्याह्यांचा आवाज आला, "जरा तिरकी धर, जाती बग!" आणि टाकी काठोकाठ भरली.

व्याही येऊन बसले. हात स्टिअरिंगला लावून कपाळाला लावला. टॉवेल घेऊन काच पुसायला लागले. मी मागं वळून लेकीकडं पाहिलं. तिचे ओठ हलत होते, जातीचा दाखला, रहिवासी, मूळ गुणपत्रिका. व्याही म्हणाले, "चल माज्या राजा."

"थांबा!" मी ओरडलो. आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी फक्त वर्गात ओरडलो असेन. "चावी फिरवू नका! ही पेट्रोलची गाडी आहे!"

त्यांचा हात चावीवरच राहिला. त्यांनी हळूच टॉवेल हुंगला, मग आपला तळहात हुंगला. मग चावी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. लेक रडकुंडीला येऊन सासऱ्यांना म्हणाली, "मामा, आता ओ?" माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "पाव्हणं, म्या डिझेल म्हनलो तवा तुमी आइकलं व्हतं?"

"होय."

"मग बोलला का न्हाईत?"

"तुम्ही व्याही. मुलाचे वडील. तुम्हाला कसं..."

"तुमच्या मालकिणीनं खांब डावीकडं घ्या म्हनलं, म्या घेतला का न्हाय? माज्या तोंडावर राग दिसला व्हता तुमाला? आनि काय काय गिळलंय माजं?"

लेकीची नोकरी रस्त्यावर उभी होती आणि हा माणूस जुने हिशेब विचारत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमचं दार पूर्वेला आहे."

व्याही एकदम खाली उतरले, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि टॉवेल फिरवायला लागले. थोड्या वेळानं धाराशिवची एसटी आली. तिथं थांबा नव्हता. कंडक्टर चिडून दारात आला, तर आमच्या व्याह्यांनी, ज्यांना मी भवानीशिवाय कुणापुढं हात जोडताना पाहिलं नव्हतं, त्याला हात जोडले. "चूक माजी हाय, पोरीची न्हाय. तिला येळंत पोचवा." कंडक्टरनं दार उघडलं. मी आणि लेक चढलो. बस सुटताना खालून ओरडणं ऐकू आलं, "काळजी करू नगा, ही डिझेलवरच हाय!"

आम्ही इतक्या लवकर निघालो होतो की एवढं होऊनही दहाच्या आत पोचलो. त्यांच्या लवकर निघण्याला मी वर्षानुवर्षं मनातल्या मनात हसलो होतो, त्या दिवशी मात्र मनातल्या मनात त्यांच्या पाया पडलो. दुपारी लेक बाहेर आली, म्हणाली, "झालं बाबा," आणि तिथंच पायरीवर बसली. मी व्याह्यांना फोन लावला. पलीकडून आधी नाक शिंकरल्याचा आवाज आला, मग हकिकत. गाडी ढकलत गॅरेजला नेली होती. मिस्त्रीनं टाकी उतरवून धुतली आणि सांगितलं, एकदा जरी चालू केली असती तरी डिझेल पार आतपर्यंत गेलं असतं. निघालेल्या डिझेलमध्ये पेट्रोल मिसळलंय, ते ट्रॅक्टरलाही घालू नका म्हणाला, म्हणून व्याह्यांनी ते कॅनमध्ये भरून घरी नेलं. नांगराचा गंज काढायला ते अजून पुरतंय.

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा ते पेढे घेऊन मुरुमला आले. अर्थातच दिवस उगवायच्या वेळी. मी दार उघडलं तर ते ओट्यावर बसलेले, पाठीवर ऊन, आणि आपली सावली घरात कुठपर्यंत जाते ते वाकून बघतायत. "पूर्वच हाय," ते म्हणाले. "आनि बरकत बी हाय."

लेकीला जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, परांड्याकडं नेमणूक मिळाली होती. ती मुलाला घेऊन निघणार होती, गाडीही तिच्याबरोबर जाणार होती. विहीणबाई कधीच गेलेल्या, मुलगा पुण्यात. चहा पिता पिता व्याही म्हणाले की घर आता लई मोठं वाटंल. मग पेला खाली ठेवून म्हणाले, "सूनबाई असली की म्हनायची, मामा, मीठ जास्ती टाकलंय, मामा, चष्मा डोक्यावर हाय. आता कोन सांगनार? तुमी सांगत जावा, पाव्हणं. फोनवर सांगितलं तरी चालंल."

मी "होय" म्हणालो. मग वाटलं, हा तर नेहमीचाच होय झाला. म्हणून म्हणालो, "चष्मा आत्ताही डोक्यावरच आहे." त्यांनी हात वर नेऊन चाचपलं, चष्मा काढला, टॉवेलनं पुसला, आणि डोळेही पुसले.