केतकीनं वाचणं का सोडलं

हे मी आजवर कुणालाच बोलले नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्यांच्यापासून काही लपवून ठेवणं मला एरवी जमत नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

ऐंशीच्या दशकात आम्ही ओहायोत राहत होतो. मराठी घरं थोडी, तीही लांब लांब. आठवडाभर मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करायची आणि रविवारी सकाळी, एका चर्चच्या तळघरात, आपल्या मुलांचा मराठीचा वर्ग घ्यायची. फुकट घ्यायची, हेही मी लोकांना आवर्जून सांगायची. स्वभाव!

माझ्या वर्गात गृहपाठ नव्हता, परीक्षा नव्हती. भारतातून येणारा प्रत्येक जण बॅगेत लोणच्या-मसाल्यांशेजारी दोन-चार गोष्टींची पुस्तकं कोंबून आणायचा, त्यामुळे आमच्या पुस्तकांना गोड्या मसाल्याचा वास यायचा. ती मी गालिच्यावर पसरून ठेवायची. आवडेल ते उचला, कंटाळा आला तर अर्ध्यात टाका. वाचायचं ते मजेसाठी, मार्कांसाठी नाही — पालकांना तर मी यावर भाषणच झोडायची. मनापासून झोडायची, बरं का. मला ते खरंच वाटत होतं. अजूनही वाटतं, म्हणून तर हे सांगताना जीभ अडखळते.

आता खरं सांगायचं तर बहुतेक मुलं चित्रं बघायची आणि इंग्रजीत टीव्हीबद्दल बोलायची. वाचायची ती एकटी केतकी. सुलभाची मुलगी, नऊ-दहा वर्षांची, समोरचे दात मोठे. एका हट्टी बोकडाची गोष्ट होती — बाजाराला जायचं नाही म्हणून तो वाटेत बसकण मारतो आणि मालकच शेवटी त्याला खांद्यावर घेतो. केतकी ओळीखाली बोट धरून वाचायची. सावकाश, फार सावकाश. एका पानाला इतका वेळ की बाकीची मुलं डोनट खाऊन यायची. पण बोकड बसला की ती थांबायची, मान वर करून माझ्याकडे बघायची आणि हसायची. दर वेळी हसायची. पुस्तक घरी नेऊन पुन्हा तेच वाचायची. मला हवं होतं ते हेच ना? ते माझ्या समोर, गालिच्यावर बसलं होतं.

त्या वर्षी गणपतीला पुण्याहून एक मोठे पाहुणे येणार होते. मी आमच्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये बोलून गेले, की माझ्या वर्गातली मुलं स्टेजवर मराठी पुस्तकं वाचून दाखवतील. कुणी विचारलं होतं का मला? नाही. पण बोलले, आणि सगळ्यांनी वा वा केलं.

तालमीत माझं पितळ उघडं पडायची वेळ आली. कुणालाच धड वाचता येत नव्हतं. मग मी किचन टेबलाशी बसून गोष्टींचे उतारे कॅसेटवर म्हटले, त्या कॅसेटच्या प्रती काढून घरोघरी दिल्या. मुलांनी गाडीत ऐकून पाठ करायचं, स्टेजवर पुस्तक हातात धरायचं, मधूनमधून पान उलटायचं. पालकांना यात काही गैर वाटलं नाही. भरतनाट्यमचा नाच, भगवद्गीतेचा अध्याय, स्पेलिंगची स्पर्धा — आम्ही सगळंच पाठ करून घेत होतो, त्यात हे एक.

राहिली केतकी. तिला कॅसेटची गरज नव्हती. पण मंडळाचे सेक्रेटरी तालमीला घड्याळाकडे बघत म्हणाले, “वहिनी, ही एकटीच सगळा टाइम खाणार. आरती लेट झाली तर लोक जेवणार कधी, ड्राइव्ह करून घरी जाणार कधी?”

मी त्यांना काय सांगायला हवं होतं, ते तुम्हालाही कळतंय. मी केतकीला बाजूला घेतलं आणि तिच्या हातात कॅसेट दिली. ती म्हणाली, “बट काकू, दॅट्स नॉट रीडिंग.” मी म्हणाले, “लोकांना काय कळतंय? तू फार हळू वाचतेस, लोक कंटाळतील.”

लोक कंटाळतील. नऊ वर्षांच्या मुलीला, जिला वाचताना कधी कंटाळा आला नव्हता, तिला मी हे सांगितलं.

तिनं पाठ केलं. झकास म्हटलं, एकदाही न अडखळता. बोकड बसला तिथं ती हसली नाही, पुढे गेली. पाहुण्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, माझं भरभरून कौतुक केलं, टाळ्या झाल्या. आणि मी — मी खूश होते. अगदी खूश होते, हेही सांगून टाकते.

त्यानंतर केतकी गालिच्यावर बसली नाही. बोकडाचं पुस्तक पुढे केलं तर म्हणाली, “आय नो इट ऑलरेडी.” दुसरं दिलं, ते तिनं उघडलं नाही. थंडी पडेपर्यंत ती यायचीच बंद झाली.

तुम्हाला वाटेल, हाच तो अपराध. मलाही बरीच वर्षं तसं वाटून घ्यायला आवडलं असतं. पण नाही. तो पुढे आहे.

डिसेंबरात एका घरी पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकीनं एकेक पदार्थ करून आणायचं जेवण. बेडरूममध्ये पलंगावर सगळ्यांच्या कोटांचा ढीग होता, मी माझा शोधत होते. सुलभा मागून आली, दार लोटलं. तिचा चेहरा उतरलेला होता. म्हणाली, “ताई, केतकी पुस्तकाला हातच लावत नाही हो. इंग्लिशसुद्धा शाळेपुरतंच. मागे एकदा जेवताना वाचत बसली म्हणून मी पुस्तक ओढून घेतलं होतं, फार बोलले तिला. त्यामुळे तर नसेल ना?”

मला माहीत होतं. त्या क्षणी स्वच्छ माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं — सुलभा, तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे. पण मग कॅसेट, पाहुणे, माझी भाषणं, सगळंच आलं असतं. मी माझ्या कोटाची बाही सरळ केली आणि म्हणाले, “असेलही गं. मुलांच्या मनाला लागतं.”

ती रडली. मी तिच्या पाठीवर हात फिरवला. कसा फिरवला असेल तो हात मी?

पुढे कितीतरी वर्षं सुलभा नव्या आयांना सांगायची — पोरं जेवताना वाचत असतील तर वाचू द्या, मी माझ्या हातानं लेकीचं वाचन घालवलं. माझ्यासमोर सांगायची. वर मला साक्षीला घ्यायची, “विचारा ताईंना.” आणि मी मान डोलवायची. तिला थांबवायच्या किती संधी मिळाल्या मला!

गेल्या वर्षी सुलभा गेली. मी भेटायला गेले तेव्हा केतकी माझ्याशेजारी येऊन बसली. पन्नाशीला आलेली बाई, केस पिकलेले. म्हणाली, “काकू, आई शेवटपर्यंत त्या पुस्तकाबद्दल सॉरी म्हणत होती. मला तर काही आठवतच नाही. तुम्हाला आठवतं? खरंच तेवढ्यामुळे मी सोडलं?”

मी म्हणाले, “नाही गं, मला नाही आठवत.”

केतकीनं डोळे पुसले. “शी वॉज सो शुअर,” ती म्हणाली.

ती खात्री मी करून दिली होती.