खडूचा वास

आपल्या महिला मंडळाच्या फळ्यावर आज पाककृती नाही, तक्रार आहे. सातवीच्या बाकात चाळिशीतल्या बाईचे गुडघे मावत नाहीत, आणि याची दखल घ्यायला शासनाला वेळ नाही.

मैत्रिणींनो, माझ्या व्यवसाय व्यवस्थापनाच्या टपाली अभ्यासक्रमाचा आज नागपूरच्या एका शाळेत वर्ग होता. वर्षातून असा एकच रविवार. एरवी माझं कॉलेज पोस्टमनच्या सायकलवरून येतं.

सरांनी हजेरी घेतली. लग्नामुळे शाळेसोबत सुटलेला "हजर" हा शब्द मी इतक्या वर्षांनी उच्चारला.

मग सर म्हणाले, "व्यवस्थापन म्हणजे इतरांकडून काम करून घेणं." ते मी सकाळीच केलं होतं. आमच्या पोळ्या शेजारच्या सुमनवहिनींनी लाटून डब्यात पाठवल्या होत्या.

संध्याकाळी खापरखेड्याला परतले, तर वहिनी दारातच उभ्या.

"काय शिकवलं वं?"

मी सांगू लागले. त्यांनी मधेच विचारलं, "वर्गात खडूचा वास तसाच येते काय वं अजून?"

"तसाच येते."

त्यांनी माझ्या हातातली वही घेऊन नाकाशी नेली.

तुमच्यापैकी कोणाकोणाला आठवतो तो वास?

शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नसतो. मी त्यात टपालानं आलेला पहिला पाठ घडी करून ठेवला आणि आत्ताच देऊन आले.