पडायची गादी

भद्रावतीत कुणी भल्या पहाटे फिरायला निघालेला दिसला की लोक विचारायचे, "काय हो, बाबूभाईची गादी घेतली वाटते?" बाबूभाई पिंजाऱ्याची गादी कडकपणासाठी प्रसिद्ध होती. लेकीच्या लग्नात द्यायला गादी घेणाऱ्या आया त्यांच्या दुकानापाशी थांबायच्या, गादीवर हात दाबायच्या आणि "पाहतो, सांगतो" म्हणून पुढच्या दुकानात शिरायच्या. बाबूभाई त्यांना हाक मारायचे नाहीत. कापूस चांगला, खोळ जाड, टाके सरळ. पण भराई इतकी ठासून की बसलेला माणूस गादीत जातच नसे. फॅक्टरीच्या वसाहतीतले एक साहेब तर म्हणाले होते, "यापेक्षा सिमेंट बरं."

लोक हसायचे. मीही हसायचो, आणि हसल्यावर मला स्वतःची लाज वाटायची. कारण ती गादी कडक का झाली हे गावात दोनच माणसांना ठाऊक होतं, एक बाबूभाई आणि दुसरा मी. सोळा वर्षं आम्ही एकमेकांशी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

मी इथल्या शाळेत शारीरिक शिक्षणाचा मास्तर होतो. आडनाव ताजने, सगळे 'सर' म्हणतात. अठ्ठ्याऐंशी साली स्नेहसंमेलनासाठी मी मुलींच्या कसरती बसवत होतो. शाळेत गादी नव्हती. भाताचं तणस पसरायचं, वर ताडपत्री टाकायची आणि त्यावर मुलींनी उड्या मारायच्या. त्यात सगळ्यांत चपळ होती सहावीतली शाजिया, बाबूभाईंची एकुलती एक मुलगी. स्टुलावरून उडी मारली की हवेतच गोळा व्हायची आणि मांजरासारखी पायावर यायची. मला तिचा अभिमान होता, आणि मी तो लपवत नसे.

आपली पोर तणसावर पडते हे बाबूभाईंना कळलं. आठ दिवसांनी ते हातगाडीवर एक भली मोठी गादी घेऊन शाळेत आले. पांढऱ्या-लाल पट्ट्यांची नवी खोळ, आत नुसता पिंजलेला उत्तम कापूस. लग्नाच्या गादीलाही करत नाहीत इतका त्यांनी तो हलका केला होता. त्यांच्या भुवयांवरही कापूस होता. मैदानात गादी पसरली तेव्हा पोरींनी ओरडून गोंधळ घातला.

"कशी आहे, सर?" त्यांनी विचारलं.

मी बूट काढला आणि टाचेनं गादी दाबून पाहिली. टाच घोट्यापर्यंत आत गेली. पुन्हा दाबली, पुन्हा गेली. मला त्या क्षणी कळलं होतं की ही झोपायची गादी आहे. उंचावरून आलेला पाय हिच्यात रुतणार, अंग पुढे जाणार आणि पाय मागे राहणार. हे कळायला मला दुसरं कुणी नको होतं, त्याचाच तर मी पगार घेत होतो. पण तो माणूस समोर हात पुसत उभा होता, आठ दिवस दुकान बंद ठेवून त्यानं ती भरली होती, आणि सगळ्या पोरी बघत होत्या. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही.

"उत्तम," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी शाजियाचा उजवा पाय त्या गादीत रुतला. अंग वळलं, पाय वळला नाही. चंद्रपूरला नेलं, प्लास्टर घातलं, दोन महिन्यांनी काढलं. गुडघा पूर्ण वाकला नाही तो आजतागायत. सगळे म्हणाले, नशीब. मीही म्हणालो, नशीब. बाबूभाई एका दुपारी हातगाडी घेऊन आले, गादी गुंडाळली आणि "घेऊन जातो" एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांच्या हातची मऊ गादी कुणी पाहिली नाही. मीही त्यानंतर कुणाला उडी शिकवली नाही. निवृत्त होईपर्यंत कवायत घेतली, एक-दोन, एक-दोन.

दोन हजार चारच्या जूनमध्ये बाबूभाई माझ्या दारात आले. साठी उलटलेली, दाढी कापसाच्याच रंगाची झालेली. आत या म्हटलं तरी ओट्यावरच बसले.

"सर, तुमच्याशी एक काम होतं. आमच्या अदीबाले जिम्नॅस्टिकमंदी घालाचं आहे."

अदीबा म्हणजे शाजियाची मुलगी, सात वर्षांची. शाजियाचं लग्न गावातच झालं होतं. नवरा अल्ताफ कोळशाच्या खाणीवर ट्रक चालवायचा, आणि ती दिवसा वडिलांच्या दुकानात खोळी शिवत बसायची. अदीबा तिथंच कापसाच्या ढिगात कोलांट्या मारताना मी पाहिली होती. पाहून मी रस्ता बदलला होता.

"शाजिया काय म्हणते?" मी विचारलं.

"तीच तं मागं लागली. म्हणते, अब्बा, मी उडी मारत होती तेव्हा मले जे वाटत होतं ते माह्या पोरीले वाटू द्या." बाबूभाईंनी टोपी नीट केली. "अन् म्हणते, जागा तुमीच पाहून या. तुमी हो म्हणसान तिथंच घालू. माह्यानं एकट्यानं नाई होत, सर. तुमी चला."

चंद्रपूरला तेव्हा असे दोन वर्ग चालत होते. मी नाही म्हणणार होतो. माझ्याकडे कारणंही तयार होती. निवृत्त माणसाकडे कारणांचा काय तोटा? पण ते ओट्यावरून उठेनात, आणि मी बूट घातले.

पहिला वर्ग एका जुन्या गोदामात होता. वर टिनाचं छत, खाली कॅनव्हासच्या खोळीत शिवलेल्या ठिगळाठिगळांच्या गाद्या. शिकवणारी भागीरथा मडावी, मूळची सावली तालुक्यातली, तिशीची, आवाज खणखणीत. तिनं आम्हाला बसा म्हटलं नाही.

"पोर किती वर्षाची?"

"सात," बाबूभाई म्हणाले.

"पहिले तीन महिने पडाले शिकवीन. उलटी उडी काऊन नाई शिकवली म्हणून माह्या मागं लागाचं नाई. कबूल असन तं आणा."

बाबूभाईंनी चपला काढल्या आणि गादीला हात लावू का म्हणून विचारलं. आधी मूठ दाबली, मग कोपर. मग हा साठीचा माणूस टोपी सांभाळत सरळ आडवा झाला. पोरं खिदळली. भागीरथाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी एकदा पाहिलं आणि त्या पुन्हा पोरांकडे वळल्या. त्यांच्यासमोर दहा-बारा पोरं ओळीनं मागे पडत होती आणि प्रत्येकाच्या पाठीखाली त्यांचा तळहात जात होता. शेवटच्या पोरापर्यंत तो हात पहिल्याइतकाच वेळेवर जात होता. मी मुद्दाम मोजत होतो.

बाहेर आल्यावर बाबूभाईंनी चपला घातल्या. म्हणाले, "चला, दुसरी पाहू."

दुसरा वर्ग प्रफुल्लचा होता. प्रफुल्ल माझा विद्यार्थी, भद्रावतीचाच. पहिल्या मजल्यावर मोठा हॉल, भिंतभर आरसा, कपाटात चषक. मला पाहताच तो वाकून पाया पडला, त्यानं पोरांना थांबवलं आणि सांगितलं, "हे माझे गुरू. यांच्यामुळे मी इथं आहे." खुर्च्या आल्या, चहा आला. सकाळपासून कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, त्यामुळे चहा गोड लागला, हे कबूल करतो.

"अदीबाची काळजीच सोडा," तो बाबूभाईंना म्हणाला. "सव्वीस जानेवारीला पोरगी मैदानावर उलटी उडी मारते की नाही पाहा."

जमिनीवर निळ्या फोमच्या जाडजूड नव्या गाद्या होत्या. एका आठेक वर्षांच्या मुलीनं आम्हाला दाखवायला उडीच्या लाकडी पेटीवरून कोलांटी घेतली. पाय टेकले ते घोट्यापर्यंत आत गेले, ती डगमगली, गुडघ्यावर आली आणि हसत उठली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"पाहा सर, कितीही उंचावरून पडू द्या, लागत नाही," प्रफुल्ल म्हणाला. "तुमच्या काळी असं होतं का काही?"

बाबूभाईंनी या गादीला मूठ लावली नाही. कोपरही नाही. ते माझ्याकडे वळले आणि सोळा वर्षांपूर्वीच्याच आवाजात त्यांनी विचारलं, "कशी आहे, सर?"

माझ्या तोंडात 'उत्तम' तयार होतं. हातात प्रफुल्लनं दिलेला चहा होता, पायावर त्याचा नमस्कार अजून ताजा होता आणि सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. मी कप खाली ठेवला, बूट काढला आणि टाचेनं गादी दाबली. दुसऱ्यांदा दाबायची गरज पडली नाही.

"मऊ आहे," मी म्हणालो. "लहान पोरांना इथं नको."

प्रफुल्लचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. "सर, हा बाहेरून मागवलेला फोम आहे."

"असेल. याच्याखाली काहीतरी कडक घाल, प्रफुल्ल. आणि पेटीवरच्या उड्या आजपासून थांबव. नाहीतर एक दिवस कुणाचा तरी गुडघा जाईल. माझ्यासमोर गेलेला आहे."

जिन्यापर्यंत पोचवायला तो आला नाही. त्याचा राग योग्य होता. इतके दिवस ज्याला गुरू म्हटलं त्यानं चारचौघांत त्याला खाली पाहायला लावलं होतं. मला वाईट वाटलं, आणि पाय मात्र हलके वाटले.

बसस्टँडवर भद्रावतीची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. मी म्हणालो, "बाबूभाई, त्या दिवशीची गादी..."

"झोपाची गादी होती," ते म्हणाले. "झोपाची गादी माणसाले धरून ठेवते. पडाच्या गादीनं त्याले सोडून देल्लं पायजे. मले हे मागाहून समजलं."

"मला तेव्हाच समजलं होतं."

"मले माहीत आहे. तुमी दोनदा टाच दाबली होती, सर. मी पाहून राह्यलो होतो. तुमच्या तोंडावर आलं होतं अन् तुमी गिळलं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी गादी भराची चूक केली. पण मी विचारलं होतं न सर तुमाले. विचारलं होतं न मी?"

मी म्हणालो, "विचारलं होतं." भर बसस्टँडवर, अठ्ठावन्न वर्षांचा मी, रुमाल शोधत राहिलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"जागा तं मले सकाळीच समजली होती," ते म्हणाले. "तुमाले दुसऱ्या जागी काऊन नेलं म्हणता? त्या दिवशीची गादी एकट्यानं उचलून उचलून थकलो मी, सर. आता हात दुखते."

भद्रावतीला उतरलो तेव्हा ऊन कलतं होतं. दुकानात शाजिया खोळीला टाके घालत बसली होती, उजवा पाय पुढे लांब केलेला. तिनं वर पाहिलं. "अब्बा, कोणती जागा?"

"सर सांगतीन," बाबूभाई म्हणाले आणि दुकानाच्या मागच्या भागात निघून गेले.

मी जागा सांगितली. भागीरथाबाईंचा तळहात सांगितला. मग उभ्याउभ्याच टाचेचंही सांगितलं, दोनदा दाबल्याचं, 'उत्तम' म्हटल्याचं. काहीही झाकलं नाही. शाजियाची सुई थांबली. तिनं ते पांढऱ्या-लाल पट्ट्यांचं कापड मांडीवर सरळ केलं. मला वाटलं, आता ती मला दुकानातून जायला सांगेल, आणि तिनं सांगितलं असतं तर मी गेलो असतो.

तिनं दोरा दातानं तोडला. "मी एवढे वर्ष समजत होती, मीच वाकडी पडली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. मग म्हणाली, "अल्ताफ खाणीवर राह्यते, अब्बाच्यानं आता नेहमी बसनं जाणं होत नाई. अदीबाले चंद्रपूरले तुमी नेत जा, सर. अन् तिच्याआधी गादी पायानं दाबून पाहत जा. रोज."

आता आठवड्यातून तीन दिवस मी अदीबाला घेऊन त्या गोदामात जातो. गावात म्हणतात, म्हाताऱ्याला नात नाही म्हणून दुसऱ्याची फिरवतो. म्हणू देत. बाबूभाईंच्या गाद्या मात्र या हिवाळ्यापासून थोड्या मऊ झाल्या आहेत. लग्नाच्या घरच्या आया आता हात दाबून पुढच्या दुकानात जात नाहीत.

गोदामात पोचलो की मी आधी बूट काढतो आणि एक-एक गादी टाचेनं दाबत शेवटपर्यंत जातो. पहिल्या दिवशी भागीरथाबाई चिडल्या होत्या. आता त्या पोरांना ओळीत थांबवून ठेवतात आणि मला विचारतात, "कशी आहे, सर?"

अदीबा माझ्या तोंडाकडे बघत उभी असते. जशी आहे तशी मी सांगतो.