सासूबाईंच्या झोपेतली मर्जबाय

भुतंखेतं, अंगात येणं, दृष्ट लागणं... यातलं मी काहीही मानत नाही. आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही हसणार आहात. हसा, मीही हसतेच — फक्त उत्तर सापडत नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर. बोईसर एमआयडीसीत कापडाचे रंग बनवणाऱ्या कारखान्यात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळायचे. विभाग म्हणजे मी, दोन पीसी आणि कुरकुरणारा प्रिंटर. आमचे प्लांट दोन, पण रंग सुकवायचा ड्रायर एकच. फिकट रंग आधी, गडद नंतर गेले तर ठीक. पिवळ्याआधी निळा गेला की अख्खा ड्रायर धुवा! दोन्ही प्लांटच्या मालाचा क्रम लावणारा प्रोग्रॅम मी लिहीत होते, तोही हास्केल भाषेत. आमच्याकडे तिचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. मुंबईत ती शिकवणारा माझा कॉलेजमित्र प्रसन्न, त्याने स्वतःची लायब्ररी — म्हणजे तयार फंक्शनांचा संच — फ्लॉपीवर दिली होती. कंपाइल केलेली, मूळ कोड नाही; आत डोकावून बघायची सोय नव्हती.

सोबत माहितीची पानं होती, एका टूलने आपोआप काढलेली. त्यांवर फंक्शनांची नावं आणि टाइप, म्हणजे कोणत्या प्रकारची माहिती घेतं नि कोणती देतं; बाकी एक अक्षर नाही! ‘मर्जबाय’ नावाचं फंक्शन दोन याद्या घेऊन एक करतं, एवढंच कळत होतं. कोड तपासणारा कंपायलर खूश, पण निकालात निळा पुढे आणि पिवळा मागे. प्रसन्नला विचारावं, तर तो हिमालयात ट्रेकला गेलेला.

"सोमवारी दाखवा," आमचे मॅनेजर देसाईसाहेब म्हणाले. "नाही चाललं तर फळ्यावर खडूनेच क्रम लावू. पीसी अकाउंट्सला जातील... आणि तुम्हीही."

रविवारी नवऱ्यासोबत, विलाससोबत, सातपाटीला सासरी गेले. पानं पिशवीत होतीच. दुपारी बोंबील-भाकरी झाली, सासूबाई ओटीवर आडव्या झाल्या. जन्म मासळी निवडण्यात आणि विकण्यात गेलेला; पडल्या की घोरू लागायच्या. मी शेजारी पानं चाळत बसले.

अचानक घोरणं थांबलं. डोळे मिटलेलेच, आवाज मात्र खणखणीत —

"मर्जबायला आधी लावून दे गो. ती सोता लावत नाय."

मी दचकले. तेवढ्यात पुढे —

"आन सारखं आलं तं डाव्या हातचं पयलं."

आणि पुन्हा घोरणं सुरू!

विलासने पेपर खाली घेतला. "कोण ही मर्जबाय?"

मी सासूबाईंना हलवलं. "आई, आत्ता काय म्हणालात?"

"मी? काय नाय. झोपू दे ना गो."

"मर्जबाय कोण?"

त्यांनी एक डोळा उघडून विचार केला. "आपल्या आळीत त अशी कोण नाय." आणि कूस बदलली.

सोमवारी कारखान्यात गेल्या गेल्या दोन्ही याद्या आधी फिकट ते गडद अशा लावल्या आणि मग मर्जबायला दिल्या. एक नंबर प्लांटच्या टाक्या लहान, सारखा रंग आला तर त्यांचा माल आधी निघायला हवा, म्हणून त्यांची यादी डावीकडे ठेवली. पिवळा, केशरी, लाल, निळा... अगदी हवा तसा क्रम! देसाईसाहेबांनी कागद दोनदा वाचला. ड्रायरवरचे यादवजी म्हणाले, "धोना नहीं पड़ेगा? फिर तो मैडम, मिठाई हमारी तरफ से!"

विलासने लगेच उलगडा केला. "तू घरभर पुटपुटत फिरतेस, आईने नाव ऐकलं असेल. आणि आयुष्यभर मासळी लावतेय ती, ‘लावून दे’च म्हणणार." मलाही पटलं... जवळजवळ. पण डाव्या हातचं?

प्रसन्न परतल्यावर त्याचा फोन आला. "अगं, याद्या आधी लावून द्याव्या लागतात, आणि सारख्या नोंदींत डावीकडची पहिली, हे मी कोडमध्ये लिहिलं होतं! पण टूलला टीप फंक्शनच्या वर लागते, मी खाली लिहिली. त्याने गाळूनच टाकली. तुला कसं कळलं?"

"सासूबाईंनी सांगितलं."

"त्या हास्केल करतात?"

पुढे दुसऱ्या एका फंक्शनवर अडले, तेव्हा मुद्दाम रविवारी सासूबाईंच्या उशाशी जाऊन बसले. चहाची वेळ झाली तरी नुसतं घोरणं. शेवटी त्याच उठल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अशी काय बसलीस गो टक लावून? मी काय मरत नाय एवढ्यात!"

मी पानं मिटली आणि चहा टाकायला उठले.