टकटककाकांची परीक्षा

चूक अस्मादिकांची. पार्कातला जुना रोलर कोस्टर पाडून तिथे सरळ विहिरीत उडी मारावी तसा खाली कोसळणारा नवा उभा राहणार होता. कोण राहणार, कोण जाणार याच्या दोन याद्या मी टाइप केल्या, आणि टकटककाकांचं नाव जाणाऱ्यांतून राहणाऱ्यांत पडलं. साहेबांनी न वाचताच सही ठोकली. कागद फळ्यावर लागला.

काकांचं काम एकच. सत्तावीस वर्षं, रोज फाटक उघडायच्या आत हातोडी घेऊन रुळावर चढायचं आणि एकेक नट ठोकून बघायचा. घट्ट नट खणखणीत बोलतो, ढिला बद्द. घरी सुनेनं आधीच ऐकवलं होतं, की नोकरी गेली तर हॉलमधली त्यांची कॉट हलणार, तिथे नातवाचं टेबल येणार. म्हणून फळ्यावरचं नाव काकांनी तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा, आणि अख्ख्या शेडला चहा पाजला. मला वर बिस्किटं. पुढचा चहा माझ्याकडून, असं मी तोंड वर करून म्हणालो.

चूक साहेबांच्या ध्यानात आली. पण सही त्यांची. थुंकी कशी गिळणार? त्यांनी परीक्षा काढली. मेकॅनिकला आणि मला पान्यांची पिशवी देऊन पहिल्या उतारावर पाठवलं. आम्ही वर गेलो, थोडा वेळ काढला, खाली आलो.

"काका, चाळीस नटांतला एक ढिला केलाय," साहेब म्हणाले. "शोधा. जागा तुमची."

काकांनी चाळीसही ठोकले. उतरून म्हणाले, सगळे बसलेत. मेकॅनिकनं विचारलं, कानात बोळे घालून आलात काय? काका पुन्हा चढले, गुडघ्यावर हात टेकत. प्रत्येक नटाला कान लावला. उतरले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

"साहेब, माझ्या हाताला तर सगळे घट्टच लागतात."

"म्हणजे आम्ही खोटं बोलतो?"

आता साहेबाला खोटं कसं पाडायचं? तिसऱ्या फेरीला आम्हीही मागोमाग चढलो. मध्येच काकांनी माझ्याकडे पाहिलं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मी पिशवीची दोरी सोडत-बांधत राहिलो. शेवटी एकोणतिसाव्या नटावर बोट ठेवून ते म्हणाले, "हा असेल."

मेकॅनिकनं पाना लावला. नट तसूभर हलला नाही. हलणार कुठून? आम्ही एकालाही हात लावला नव्हता.

म्हाताऱ्याचा कान गेला, म्हणत शेड दिवसभर हसली. यादी मीच पुन्हा टाइप केली, या खेपेला नीट.

शेवटच्या दिवशी हातोडी जमा करायला काका माझ्या टेबलाशी आले. पावतीवर सही केली, जायला वळले आणि थांबले.

"ढिला कुठला होता रे?"

"चौदावा," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटून बोटानं टेबलावर हलकेच एक टकटक केली. "चौदावा. हां. मलाही वाटलं होतं तसं."

त्यांचा चहा अजून माझ्याकडे बाकी आहे.